बारभाईंचा कारभार

एखाद्या कामात दहा हात गुंतले आणि ते कोणाच्याच हातून तडीस गेले नाही, म्हणजे आपल्याकडे ‘बारभाईंची खेती’ असे म्हणून मोकळे होतात. पुण्याच्या इतिहासात मात्र बारभाई हे थट्टेचे नाव नाही. ज्या मंडळींनी १७७४ सालापासून पेशवाईचा गाडा ओढला, एका पेशव्यास पदच्युत केले, चाळीस दिवसांच्या मुलास गादीवर बसविले आणि इंग्रजांशी सात वर्षे झुंज घेऊन राज्य शाबूत ठेवले, त्यांचे हे नाव आहे. त्यांच्या उद्योगास आपण ‘बारभाईंचे कारस्थान’ म्हणतो. त्या काळी कारस्थान या शब्दाला आजच्याइतका काळा रंग नव्हता. मसलत, राजकारण असाच अर्थ त्यात प्रधान होता. पुढे शब्द काळवंडला आणि त्याबरोबर ती मंडळीही थोडीशी काळवंडली.

या विषयावर बोलताना दोन टोके गाठण्याचा मोह होतो. एक टोक असे, की बारभाई म्हणजे नाना फडणीस, बाकीचे सारे त्याच्या पटावरची प्यादी. दुसरे टोक असे, की बारभाई म्हणजे स्वार्थी कारभाऱ्यांची टोळी, आणि मराठी राज्याच्या नाशाचे मूळ तेथेच. आम्हांस दोन्ही मते अपुरी वाटतात. बारभाईंकडे एक हंगामी राज्यकारभार म्हणून पाहावे, असे आमचे म्हणणे आहे. धनी अज्ञान आहे, सत्ता अनेकांत वाटलेली आहे, शत्रू दारात आहे आणि भागीदारांचा एकमेकांवर पुरता विश्वास नाही, अशा स्थितीत माणसे राज्य कसे चालवितात? कोणत्या गोष्टींच्या बळावर ती एकत्र राहतात आणि कोणत्या गोष्टींमुळे फुटतात? हा प्रश्न पुण्यापुरता किंवा अठराव्या शतकापुरता नाही. पण पुण्यातील उदाहरणाइतके स्वच्छ उदाहरण सहसा मिळत नाही.

प्रथम प्रसंग ध्यानात घेऊ. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निवर्तले. त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. अवघ्या नऊ महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात गारद्यांनी त्याचा खून केला. वय अठरा वर्षांचे. चुलते रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब यांनी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणविली आणि कारभार सुरू केला. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दादासाहेबांस दोषी ठरविले व ते पुणे सोडून गेले, ही गोष्ट शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. परंतु शास्त्र्याने दोषी ठरविलेल्या माणसाला गादीवरून उतरविण्याचे यंत्र राज्यात नव्हते. दादासाहेब वस्त्रे मिळालेले पेशवे होते, फौज त्यांच्या हाताखाली होती, आणि भट घराण्यात त्यांच्यावाचून दुसरा कर्ता पुरुष उरला नव्हता.

एकच आशा होती. नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. दादासाहेब निजामावर आणि तेथून कर्नाटकाच्या रोखाने मोहिमेवर निघाले, तेव्हा सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके ही मंडळी निरनिराळी निमित्ते काढून एकेक करून छावणीतून पुण्यास परतली. जानेवारी १७७४ मध्ये गंगाबाईस पुरंदर किल्ल्यावर नेण्यात आले. सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई तिच्यासोबत होती. कारभाऱ्यांनी गंगाबाईच्या नावाने हुकूम काढण्यास प्रारंभ केला. हे पाऊल केवढे धाडसाचे होते! पोटातील मूल मुलगा होईल की मुलगी, जगेल की नाही, याचा भरवसा नाही. आणि तेवढ्या आधारावर वस्त्रधारी पेशव्याविरुद्ध उठाव करावयाचा. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर मुलगा झाला. २८ मे रोजी, वयाच्या चाळिसाव्या दिवशी, साताऱ्याहून आलेली वस्त्रे त्यास मिळाली. तोच सवाई माधवराव.

आता हे बारभाई कोण? यादी करावयास बसले तर एका ग्रंथाची यादी दुसऱ्याशी जुळत नाही. सखारामबापू, नाना, मोरोबा फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे, भवानराव प्रतिनिधी, पटवर्धन, रास्ते, महादजी शिंदे, तुकोजी होळकर अशी नावे येतात. कोणी एकास घालतो, दुसऱ्यास गाळतो. ‘बारा’ ही येथे मोजणी नव्हेच. बारा गावचे बारा म्हणतात त्यातलाच हा प्रकार आहे. परंतु नावे मोजण्याऐवजी कोणापाशी काय होते ते मोजले, तर या कारभाराची घडण चटकन उलगडते.

सखारामबापूंपाशी वय होते, अनुभव होता आणि मुख्य कारभाऱ्याचा मान होता. साडेतीन शहाण्यांत त्यांची गणना पुऱ्या शहाण्यांत होई, तर नाना अर्धा शहाणा. कारण काय, तर नाना तलवार धरणारा नव्हे. नानापाशी फडणिशी होती. राज्याचा जमाखर्च, सनदा, सरंजामाचे हिशेब हे सारे फडणिसाच्या दप्तरातून जावयाचे. कोणत्या सरदाराकडे किती बाकी आहे, कोणाची नेमणूक किती आहे, कोणाचा कागद अडकलेला आहे, हे ज्याच्या बोटांवर आहे त्याला तलवारीची उणीव फारशी भासत नाही. हरिपंत फडके आणि पटवर्धन यांच्यापाशी हुजुरातीची व दक्षिणेची फौज होती. शिंदे-होळकरांपाशी उत्तरेतील पैसा आणि लष्कर होते. साताऱ्याच्या महाराजांपाशी फौज नव्हती, खजिना नव्हता, पण वस्त्रे देण्याचा अधिकार होता, आणि तो नसता तर बाकी सारे बंडखोर ठरले असते. रामशास्त्र्यांस या मंडळींनी पुन्हा पुण्यास आणून न्यायाधीशाच्या जागी बसविले. त्यांच्यापाशी नुसते नाव होते, पण ते नाव लोकांच्या लेखी एका पलटणीच्या तोलाचे होते.

तात्पर्य, प्रत्येकापाशी काहीतरी होते आणि कोणापाशीच सर्व काही नव्हते. ज्याच्याजवळ दप्तर त्याच्याजवळ फौज नाही, ज्याच्याजवळ फौज त्याच्याजवळ हुकूम काढण्याचा अधिकार नाही, आणि ज्याच्या नावाने हुकूम निघावयाचा ते मूल पाळण्यात आहे. बारभाईंची एकजूट प्रेमातून निघाली नव्हती, ती या परस्परांच्या गरजेतून निघाली होती. आम्हांस तरी यात काही हलके वाटत नाही. राज्ये बहुधा अशाच गरजेवर चालतात.

पहिल्या दोन वर्षांत ही गरज रोज प्रत्ययास येत होती. मार्च १७७४ मध्ये पंढरपूरनजीक कासेगाव येथे त्रिंबकरावमामा पेठे दादासाहेबांशी लढताना कामास आले. एक खंदा माणूस आरंभीच गेला, तरी उठाव मोडला नाही. दादासाहेब उत्तरेकडे सरकले. शिंदे-होळकर आपल्यास मिळतील ही त्यांची आशा होती. ते सरदार काही काळ तळ्यात-मळ्यात करीत राहिले, पण शेवटी पुण्याकडे झुकले. मग दादासाहेब गुजरातेत गेले आणि इंग्रजांच्या पदरी पडले. इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेतलाच होता. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. त्यात दादासाहेबांनी साष्टी आणि वसई देऊ केली व इंग्रजांची फौज मागितली. १८ मे रोजी अडास येथे लढाई झाली. हरिपंत फडके पुण्याच्या बाजूने होते. इंग्रजांची हानी मोठी झाली आणि लढाईने निकाल काहीच लागला नाही.

येथे बारभाईंचे नशीब म्हणा की चातुर्य म्हणा, दुसऱ्याच्या घरातील भांडण त्यांच्या कामी आले. मुंबईकर इंग्रजांनी केलेला सुरतेचा तह कलकत्त्याच्या कौन्सिलास मान्य नव्हता. त्यांनी कर्नल अप्टन यास पुण्याच्या कारभाऱ्यांकडे धाडले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, लढाईच्या खर्चापोटी बारा लाख रुपये देण्याचे ठरले, आणि दादासाहेबांनी नेमणूक घेऊन कोपरगावी स्वस्थ बसावे असे कलम पडले. हा तह बारभाईंस महाग पडला, पण त्यांस जे हवे होते ते मिळाले. इंग्रजांनी त्यांच्याशी, म्हणजे अज्ञान पेशव्याच्या कारभाऱ्यांशी, राज्य म्हणून करार केला. या तहावर सही करणाऱ्यांत सखारामबापूंचे नाव पहिले होते. ही बाब तेव्हा मानापानाची वाटली असेल. दोन वर्षांनी तीच बारभाईंच्या मुळावर आली. तिच्याकडे आम्ही वळणार आहोतच.

त्याच साली आणखी एक संकट कोसळले. पानिपतावर नाहीसे झालेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणारा एक तोतया रत्नागिरीस कैदेत होता. तेथील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्यास सोडून दिले. बघता बघता कोकणपट्टीतील किल्ले त्याच्या हाती गेले आणि लोक त्याच्याभोवती जमू लागले. हे तोतयाचे बंड आम्हांस फार सूचक वाटते. लोकांस मूल पेशवा नको होता असे नव्हे. त्यांस धनी हवा होता. कारभाऱ्यांचे राज्य कितीही नेटके असले तरी त्यास चेहरा नसतो, आणि चेहऱ्याच्या शोधात असलेले लोक तोतयासही भाऊसाहेब मानावयास तयार होतात. महादजीने त्याचा पाडाव केला, आंग्ऱ्यांनी त्यास पकडले आणि १७७६ च्या अखेरीस पुण्यास चौकशी होऊन त्यास देहान्त शिक्षा झाली.

येथपर्यंत बारभाई एक होते. दादासाहेब बाहेर आहेत, इंग्रज त्यांच्या पाठीशी आहेत, तोतया कोकणात आहे. भांडावयास सवड कोणास होती? १७७७ साल उजाडले तेव्हा ही तिन्ही संकटे काहीशी मागे सरली, आणि त्याबरोबर एकीचे दिवसही सरले. जुलैमध्ये गंगाबाई वारली. ज्या बाईच्या नावाने पहिले हुकूम निघाले होते ती गेली. आता मुलाच्या बाजूने बोलणारे आप्त फारसे उरले नाहीत. मुलाच्या नावाने बोलणारे मात्र अनेक होते.

भांडणाचे कारण काय? उघड कारण फ्रेंचांचे. सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ १७७७ साली पुण्यास आला, आणि नानाने त्याचे स्वागत थाटाने केले. इंग्रजांस शह देण्यासाठी फ्रेंचांचा बागुलबुवा उभा करावयाचा हा नानाचा डाव होता. इंग्रज खरोखरच बिथरले. पण बिथरलेला शत्रू गप्प बसत नाही, चढाई करतो, हे सखारामबापू आणि मोरोबा यांस दिसत होते. आतील कारण मात्र निराळे होते. चार वर्षांत कारभाराचे सारे धागे हळूहळू नानाच्या दप्तरात जमा झाले होते. मुख्य कारभारी बापू, पण कागद नानाकडे. मोरोबा तर नानाचा चुलतभाऊ, फडणिशीवर त्याच्या शाखेचाही हक्क. घरातील माणूस पुढे जातो आणि आपण मागे पडतो, हे दुःख परक्याने केलेल्या अपमानापेक्षा अधिक झोंबते.

मोरोबाने तुकोजी होळकरास आपल्याकडे ओढले आणि मार्च १७७८ मध्ये पुण्याचा कारभार हाती घेतला. नाना पुरंदरास निघून गेला. त्याची ही चाल नीट पाहण्याजोगी आहे. तो लढला नाही, रुसून स्वस्थही बसला नाही. जेथे बालपेशवा होता तेथे जाऊन बसला. पुणे मोरोबाकडे गेले, पण ज्या नावाने पुण्याने बोलावयाचे ते नाव नानापाशी राहिले. आणि फौज? ती महादजीपाशी होती, आणि महादजी कोल्हापूरच्या मोहिमेत गुंतला होता. तो कोणाकडे झुकतो यावर सारे अवलंबून होते. त्याने घाई केली नाही. राजकारणात ज्याची सर्वांस गरज असते तो सर्वांत शेवटी बोलतो.

मोरोबाने मुंबईकरांस लिहिले, की दादासाहेबांस पुण्यास घेऊन या. आता पुरंदरच्या तहातील सहीची गोष्ट येते. इंग्रजांपुढे अडचण अशी, की दादासाहेबांस मदत करावयाची नाही असा तह त्यांनी स्वतःच केलेला. तो मोडावयाचा तर सबब हवी. त्यांनी सबब काढली ती अशी : ज्या मुख्य कारभाऱ्याची तहावर सही आहे तोच जर दादासाहेबांस बोलावीत असेल, तर तहभंग कसला? म्हणून त्यांस मोरोबाचे पत्र पुरेना, सखारामबापूंची सही हवी झाली. म्हणजे पुण्याच्या कारभाराचा मालक कोण हे पुण्यात ठरलेले नव्हते, आणि म्हणून ते मुंबईत आणि कलकत्त्यात ठरू लागले. वाटलेल्या सत्तेचा हा सर्वांत मोठा धोका आहे. घरात शेवटचा शब्द कोणाचा हे घरच्यांनी ठरविले नाही, तर दारात उभा असलेला माणूस आपल्या सोयीचा मालक निवडतो.

बापू काय करीत होते? ते दोन्ही दगडांवर पाय ठेवून होते, असे सर्वच सांगतात, आणि ते खोटे नाही. पण त्यांची बाजूही मांडली पाहिजे. थोरल्या माधवरावांच्या काळापासून बापूंचा ओढा दादासाहेबांकडे होता. पेशव्यांचे घर फुटू नये, दादासाहेब इंग्रजांच्या हातात राहण्यापेक्षा बंदोबस्तात का होईना, पण घरात यावेत, असे त्यांस वाटत असल्यास ते अगदीच अडाणीपणाचे नव्हते. इंग्रजांच्या हातातील हत्यार काढून घेण्याचा तो एक मार्ग होता. बापूंची चूक या मतात नव्हती. हे मत त्यांनी उघड सभेत मांडले नाही, चोरून सहीच्या रूपाने शत्रूस दिले, ही ती चूक होती. मात्र हेही खरे, की उघड मांडण्याजोगी सभाच बारभाईंत नव्हती. मतभेद म्हणजे फितुरी, एवढाच अर्थ त्या कारभारात उरला होता.

जून महिन्यात महादजी आला. तुकोजीस त्याने समजुतीने व लाभाने मोरोबापासून वेगळे केले. होळकर फुटल्यावर मोरोबापाशी उरले काय? जुलैमध्ये तो पकडला गेला आणि अहमदनगरच्या किल्ल्यात त्याची रवानगी झाली. बापूंस मात्र हात लावला नाही. त्यांस तसेच मुख्य कारभारी म्हणून मानाने बसविले. यात उदारपणा किती आणि हिशेब किती? इंग्रजांनी बापूंच्या सहीस इतके मोल दिले होते, की ती सही आपल्या ताब्यात, आपल्या डोळ्यांपुढे असणेच नानास सोयीचे होते.

मोरोबाचा डाव फसला तरी मुंबईकरांनी आपला सोडला नाही. नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे चार हजारांची फौज दादासाहेबांस घेऊन पुण्याकडे निघाली. घाट चढून आल्यावर मराठ्यांनी पुढील मुलूख उजाड करीत, रसद तोडीत तिला आत येऊ दिले. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. ‘इष्टुर फाकडा’ म्हणून मराठी माणसाने शत्रूचे नाव कौतुकाने राखले ते हेच. तळेगावास पोहोचेपर्यंत इंग्रजांचा धीर सुटला, ते मागे फिरले, आणि जानेवारी १७७९ च्या मध्यास वडगाव येथे त्यांस शरणागतीचा करार करावा लागला. दादासाहेब महादजीच्या स्वाधीन झाले.

बारभाईंच्या कर्तृत्वाचा हा कळस होय. फौज महादजीची व पटवर्धनांची, रसद-पैशाची तजवीज नानाची, मैदानात हरिपंत आणि तुकोजी. एकाच मुलाच्या नावाने सारे लढले आणि जिंकले. कोणी म्हणेल, वाटलेली सत्ता नेहमी दुबळी असते. वडगाव त्यास उत्तर आहे.

आणि याच विजयाने बारभाई संपले. विजयाबरोबर दोन गोष्टी महादजीच्या हाती आल्या. एक, इंग्रजांशी बोलणारा मुख्य माणूस म्हणून मान. वडगावच्या बोलण्यात भडोच आपल्यास मिळावी असे त्याने स्वतंत्रपणे कबूल करून घेतले. दुसरी गोष्ट म्हणजे कागद. मोरोबाच्या मसलतीत सखारामबापू सामील होते हे दाखविणारा सहीचा कागद त्याच्याकडून पुढे आला. ज्या सहीवर इंग्रजांनी भिस्त ठेविली होती तिने शेवटी धन्याचा गळा कापला. १७७९ सालीच बापूंस कैद झाली. सिंहगड, प्रतापगड आणि अखेर रायगड. १७८१ साली रायगडावर कैदेतच त्यांचा अंत झाला. ज्याने बारभाईंची पहिली मसलत उभारली, त्याच्या आयुष्याची अखेर ही अशी झाली. नानाने यात अन्याय केला असे आम्ही म्हणत नाही. शत्रू दारात असता त्यास बोलावणाऱ्याला सोडून देणे कोणत्याही राज्यास परवडत नाही. परंतु त्रिंबकरावमामा रणात गेले, मोरोबा नगरास, बापू रायगडावर. आणि पाच वर्षांत बारभाईंचे दोनच भाई उरले.

दादासाहेब पुढे उत्तरेकडे जाताना नर्मदेजवळ निसटले आणि पुन्हा इंग्रजांकडे गेले, लढाई लांबली, आणि १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. तह महादजीच्या मध्यस्थीने झाला, त्याची हमी महादजीने घेतली, आणि पुण्याहून त्यास मान्यता देताना नानाने जितका विलंब लावता येईल तितका लावला. हैदर १७८२ च्या डिसेंबरात वारला तेव्हा कोठे हा विलंब सरला. यात नव्या वाटणीचे स्वरूप दिसून येते. पुणे नानाचे, हिंदुस्थान महादजीचे. पेशव्यांचे नाव दोघांस हवे. उत्तरेत महादजीने बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे पद मिळविले ते पेशव्यांच्या नावाने. पुण्यात नानाचा प्रत्येक हुकूम निघाला तो पेशव्यांच्या नावाने. १७९२ साली महादजी त्या पदाची वस्त्रे घेऊन पुण्यास आला तेव्हा त्या दोघांत पेशव्याचे मन जिंकण्याची चढाओढ लागली. नाना काशीस निघून जाण्याची भाषा बोलू लागला, हरिपंत मध्ये पडले, पुन्हा दिलजमाई झाली. फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीस महादजी वारला, त्याच वर्षी हरिपंतही गेले. बारभाईंपैकी राज्य चालविणारा एकटा नाना उरला.

आणि तो मुलगा? इतका वेळ आपण कारभाऱ्यांविषयी बोलत आहोत, आणि ज्याच्यासाठी हे सारे झाले त्याच्याविषयी बोलण्याचा प्रसंगच आला नाही. हा आमचा विसर नव्हे, इतिहासाचाच तो विसर आहे. पुरंदरावर जन्म, चाळिसाव्या दिवशी वस्त्रे, तीन वर्षांचा असता आई गेली, नवव्या वर्षात लग्न. मुद्रेत नाव माधवराव नारायण यांचे, पण कागद दुसऱ्याचे. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्यास निजामाचा पराभव झाला तेव्हा हा पेशवा लष्करासोबत होता. त्यास विसावे वर्ष सरून एकविसावे लागत होते. त्याचे थोरले काका माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले होते आणि अठराव्या वर्षी निजामास राक्षसभुवनावर लोळवून, चुलत्याच्या हातून कारभार स्वतःकडे ओढून बसले होते. या माधवरावाच्या हाती मात्र कारभार आलाच नाही. शिवनेरीवर कैदेत असलेला दादासाहेबांचा मुलगा बाजीराव आणि तो यांच्यात गुप्त पत्रव्यवहार झाला, नानाने तो पकडला आणि पेशव्यास बोल लाविले, असे सांगतात. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी, तापाने आजारी असता, तो शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडला आणि दोन दिवसांनी वारला. तोल गेला की उडी घेतली, याविषयी इतिहासकारांत दोन मते आहेत. आम्ही त्या वादात शिरत नाही. एकवीस वर्षांच्या पेशव्यास आपल्या वाड्यात आपला म्हणून एकही हुकूम सोडता येत नव्हता, याविषयी मात्र दुमत नाही.

येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. बारभाईंचा कारभार वाईट होता म्हणून बिघडला नाही. तो उत्तम होता. वसूल होत होता, न्याय मिळत होता, शत्रू हटला होता. त्यात दोन उणिवा होत्या. पहिली ही, की भागीदारांनी वेगळे मत मांडावे आणि मानाने बाजूस व्हावे अशी वाटच नव्हती. म्हणून मतभेद झाला की किल्ला. मोरोबा नगरास, बापू रायगडास, पुढे १७९७ च्या अखेरीस खुद्द नानाही कैद होऊन नगरासच! दुसरी उणीव अधिक खोल. हा कारभार हंगामी आहे हे सर्वांस ठाऊक होते, पण हंगाम कधी संपणार हे कोणीच ठरविले नव्हते. मूल सोळा वर्षांचे झाले की शिक्के त्याच्या हाती, असा एक शब्द १७७४ साली ठरून गेला असता, तर नानास बावीस वर्षे चाललेल्या आपल्या कारभाराकडे विश्वस्ताच्या नजरेने पाहता आले असते. मुदत नसली की विश्वस्तालाच आपण मालक आहोत असे वाटू लागते, आणि हे त्यास कळतही नाही. नानाच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. त्याने राज्य लुटले नाही, ते जिवापाड जपले. पण जपून ठेवलेली वस्तू ज्याची त्याला परत द्यावयाची असते.

सवाई माधवराव गेल्यावर चौदा महिने पुण्यात पुन्हा तेच नाटक झाले. नाना, परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे, दत्तकाची मसलत, नाना शहराबाहेर, पुन्हा आत. डिसेंबर १७९६ मध्ये पेशवाईची वस्त्रे ज्यास मिळाली तो दुसरा बाजीराव, म्हणजे त्याच दादासाहेबांचा मुलगा. ज्यास गादीपासून दूर ठेवण्यासाठी बारभाई जमले होते त्याच्याच पोटी जन्मलेल्या माणसास नानाने आपल्या हातांनी गादीवर बसविले. सहा वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, बापाने सुरतेस केले होते तेच मुलाने वसईस केले आणि या वेळी कारभारी अडवावयास नव्हते.

मेणवलीच्या नानाच्या दप्तरातील आणि पेशवे दप्तरातील कागद आज आपल्यास वाचता येतात. पानेच्या पाने सुबक मोडीत, हिशेब चोख, तारखा नीट. त्या कागदांवर एका मुलाचे नाव एकवीस वर्षे उमटत राहिले. ते नाव लिहिणारे हात शहाणे होते, कष्टाळू होते, पुष्कळदा शूर होते. ज्याचे ते नाव, त्याच्या हाती लेखणी द्यावयाची तेवढी राहून गेली.